बाळात एक दोष दिसला? बाकीचे अवयवही तपासून घ्या. 'व्हॅक्टर्ल' म्हणजे काय, समजून घ्या

तालुका प्रतिनिधी :

बाळ जन्मलं, रडलं, वजनही बरं भरलं. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं तेव्हा लक्षात येतं, की बाळाला शौचाची जागाच नाही. अशा बाळाचं ऑपरेशन होतं आणि बाळ वाचतंही. पण दोष तेवढा एकच आहे असं धरून चालणं धोक्याचं आहे. काही बाळांत त्याच्या जोडीला हृदय, किडनी किंवा अन्ननलिकेतही दोष असतो आणि तो वरून दिसत नाही. अशा एकत्र येणाऱ्या दोषांना डॉक्टर 'व्हॅक्टर्ल' म्हणतात.

हे नाव इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जोडून झालंय. त्यात सहा ठिकाणं येतात : पाठीचे मणके, गुदद्वार, हृदय, श्वासनलिका व अन्ननलिका, किडनी आणि हातपाय. यातल्या तीन किंवा जास्त ठिकाणी दोष असला तर व्हॅक्टर्ल धरतात. साधारण १० हजार ते ४० हजार बाळांमागे एकाला हे होतं. म्हणजे दुर्मिळ आहे, पण आपल्या तालुक्यात होणारच नाही असं नाही.

घरच्यांनी काय बघायचं?

- पहिल्या २४ तासांत बाळाला काळी-हिरवी शी झाली का? शौचाची जागा बरोबर आहे का?
- मुलाला लघवीतून किंवा मुलीला लघवीच्या बाजूच्या जागेतून शी येते का? अशा वेळी 'शी होतेय ना' म्हणून घरचे गाफील राहतात.
- तोंडातून सारखा फेस येतो का? दूध पाजलं की ठसका लागून बाळ निळं पडतं का?
- अंगठा नाही, फार बारीक आहे किंवा हात वाकडा आहे का?

तोंडातून फेस येत असेल तर अन्ननलिका बंद असू शकते. अशा बाळाला दूध तर नाहीच, पण मध, गुळाचं पाणी, बाळगुटी यातलं काहीच देऊ नका. ते पोटात न जाता फुप्फुसात उतरतं. फेस पुसत राहा, डोकं थोडं उंच ठेवा, बाळाला उबेत धरा आणि १०८ ला फोन करा. सकाळपर्यंत थांबू नका.

उपचार कसा होतो?

हे ऑपरेशन लहान मुलांचे सर्जन करतात. ते तालुक्याला नसतात, मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मुंबईच्या वाडियासारख्या बाल रुग्णालयात असतात. अन्ननलिका पहिल्या काही दिवसांतच जोडावी लागते. शौचाच्या जागेसाठी पुष्कळदा तीन टप्पे लागतात : आधी पोटावर तात्पुरती वाट, काही महिन्यांनी नवी जागा, मग पोटावरची वाट बंद. मधेच सोडून चालत नाही. हृदयाची टूडी इको, किडनीची सोनोग्राफी आणि मणक्यांचा एक्स-रे झाला का, हे घरच्यांनी स्वतः विचारावं.

सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या राज्यातल्या पालघरमधूनच सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात दोष त्यात तपासले जातात आणि पुढचे उपचार मोफत असतात. आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालय गाठता येतं. बाळ आजारी असेल तर मात्र चिठ्ठीसाठी अडू नका.

आईचा दोष नाही

असं बाळ झालं की पहिलं बोट सुनेकडे जातं. ग्रहणात भाजी चिरली, विळी हातात घेतली, बाहेर पडली. त्यावरून तिला माहेरी धाडण्यापर्यंत गोष्टी जातात. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे अवयव गरोदरपणाच्या पहिल्या दोन महिन्यांत घडतात. दिवस गेलेत हे कित्येकदा बाईला तेव्हा माहीतही नसतं. नेमकं एक कारण अजून सापडलेलं नाही. आईला आधीपासून शुगर असेल तर धोका वाढतो, म्हणून शुगर आधीच तपासून आटोक्यात ठेवावी. बहुतेक घरांत पुढचं मूल व्यवस्थित होतं, तरी पुढच्या वेळी डॉक्टरांना आधीचं सगळं सांगा आणि पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चुकवू नका. सोनोग्राफीत सगळेच दोष दिसतात असं नाही, म्हणून जन्मानंतरची तपासणी लागतेच.

या मुलांची बुद्धी सहसा इतर मुलांसारखीच असते. वेळेवर ऑपरेशन झालेली मुलं शाळेत जातात, खेळतात. पहिल्या दिवशी अंगडं घालायच्या आधी बाळ उजेडात डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघून घ्या.