ईसीजीचे कुलूप आणि ७७ अंकी मूळ संख्या

तालुक्याच्या रुग्णालयात रात्री छातीत दुखणारा रुग्ण येतो. ईसीजीचा फोटो व्हॉट्सॲपवरून अंबाजोगाईला किंवा संभाजीनगरला वरिष्ठांकडे जातो. तो वाटेत कुणाला उघडता येत नाही, याचे श्रेय एका मूळ संख्येला आहे. २५५ वेळा २ मांडून गुणाकार करा, त्यातून १९ वजा करा. येणारी ७७ अंकी संख्या ती हीच.

मूळ संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही, हे शाळेत शिकलो. पण कुलपाला तीच का लागते? बारा घरांच्या घड्याळावर चार-चारने उड्या मारा. ४, ८, १२ या तीनच घरांत फिरत राहाल. घरे १३ करा. आता ४, ८, १२, ३, ७, ११ असे करत एकूण एक घर गाठले जाते. म्हणून ४ ला कशाने गुणले असता १३ ने भागल्यावर बाकी १ उरेल, याला उत्तर असतेच. ते १०. बाराच्या घड्याळावर या प्रश्नाला उत्तरच नाही. मूळ संख्येच्या घड्याळावर भागाकार अडत नाही, तो असा.

असा गुणक शोधण्याची आपली जुनी रीत म्हणजे कुट्टक. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तिचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचे विज्जडविड म्हणजे बीडच, असे काही अभ्यासक मानतात. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख तो मान खानदेशाकडे नेतो. बीडकराचे मत कोणते, हे सांगायला नको!

फोनमधल्या घड्याळाला ७७ अंकी संख्येइतकी घरे असतात. फोन एक संख्या गुप्त ठेवतो, एका विशिष्ट वक्ररेषेवर तितक्या उड्या घेतो आणि पोहोचला तो बिंदू समोरच्याला उघडपणे कळवतो. समोरचा फोनही तेच करतो. मग दोघे एकमेकांच्या बिंदूपासून आपापल्या उड्या घेतात आणि एकाच जागी येतात. किल्ली तिथून तयार होते. मधल्या माणसाला बिंदू दिसले तरी उड्या किती, हे आजच्या कोणत्याही संगणकाला व्यवहारात काढता येत नाही. डॅनियल बर्नस्टीन या गणितज्ञाने २००६ मध्ये ही वक्ररेषा मांडली. १९ लहान असल्याने हिशोबही सोपा होतो: नऊने भागल्यावरची बाकी काढायला आपण अंकांची बेरीज करतो, तसाच इथे वर गेलेला भाग १९ ने गुणून खाली मिळवायचा. स्वस्तातला फोनही हे क्षणात करतो.

हे कुलूप मात्र फक्त वाटेतले. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा एचआयव्हीचा अहवाल नावासकट चाळीस जणांच्या ग्रुपवर पडला, तर संख्या बिचारी काय करणार? चाळिसांकडेही तो कुलूपबंदच पोहोचतो आणि प्रत्येकाच्या फोनवर उघडतो. गावात तोंड दाखवायची चोरी होते ती त्या बाईला. एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ नुसार संमतीशिवाय अशी माहिती उघड करण्यास मनाई आहे, आणि ‘सल्ल्यासाठी टाकला’ हे कारण मला तरी पटत नाही. सल्ला एकाकडून घ्यायचा असतो, तोही नाव झाकून. शिवाय चॅटच्या बॅकअपचे कुलूप वेगळे असते. सेटिंगमध्ये जाऊन ते आपणच सुरू करावे लागते.