आगोट आली, गाडी कुठे उभी करणार?



गळीत हंगाम आटोपून शेवटची खेप वजनकाट्यावरून गेली, की आपला ट्रॅक्टर थोडी नांगरट करतो आणि मृग लागला की गोठ्याशेजारी उभा राहतो तो दसऱ्यापर्यंत. ट्रॉल्या तर बांधावरच. दसऱ्याला हार घालायला जावे तर बॅटरी बसलेली, टायर चपटे झालेले, क्लच चिकटलेला. तिकडे बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख ठरलेली असते, वाहतूक कराराची उचल घेऊन झालेली असते, बँकेचा हप्ता दारात असतो, आणि हे महाराज जागचे हलत नाहीत! म्हणून हा विषय पावसाच्या तोंडावर काढला आहे.

बर्फाच्या देशांत लोक हिवाळ्यात गाडी चार-पाच महिने झाकून ठेवतात. रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, त्याने पत्रा खातो. आपल्याकडे बर्फ नाही, पण पाऊस आहे. आणि पावसात गाडी कशी ठेवावी हे शिकायचे तर घाटाखाली महाड-पोलादपूरला जावे. माझे आजोळ पोलादपूर तालुक्यात. तिकडे मे महिन्यात 'आगोट' सुरू होते. लाकूडफाटा पडवीत, सुकी मासळी डब्यात, भाताचे बी कणगीत. आणि हल्ली त्याच यादीत जीप, मोटारसायकल, पॉवर टिलरसुद्धा.

मी मामांना विचारले, "पहिलं काय करता? बॅटरी काढता का?"

"अरे, बॅटरीचं मागनं बघू. आधी जागा बघ. वरची जागा."

हे ते सहज बोलले नव्हते. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपुरावरून महाडला येते; तिथे काळ आणि गांधारी येऊन मिळतात. खाली दासगावच्या बाजूला खाडी. समुद्राला भरती असली की पुराला वाट मिळत नाही, पाणी शहरात तुंबते. 22 जुलै 2021 च्या सुमारास महाबळेश्वरला एका दिवसात 600 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला. महाडात पाणी पहिल्या मजल्याला लागले. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गेले, ऐंशीच्या वर माणसे गेली. त्यापुढे गाडीचे दुःख ते काय! पण ज्यांचे पोट गाडीवर, त्यांचा संसार त्या चिखलातूनच पुन्हा उभा राहायचा होता.

माझ्या मामेभावाची जीप नदीकडच्या शेडमध्ये होती. तेल बदललेले, टाकी भरलेली, सगळे यथासांग. पण जागा खालची. पाणी ओसरल्यावर त्याने घाईने चावी फिरवली. खाडकन आवाज झाला आणि इंजिन जाम. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. शेजाऱ्याची गाडीही तशीच बुडाली होती, पण त्याने चावीला हात लावला नाही. मिस्त्रीने बॅटरीची तार सोडली, इंजेक्टर काढले, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढले, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचे तेल बदलले, फिल्टर नवे टाकले. ती गाडी आजही चालते. विम्याचेही तेच. बुडालेली गाडी सुरू केल्याने इंजिन फुटले तर साध्या पॉलिसीत ते नुकसान बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. म्हणून आधी फोटो, कंपनीला खबर, मग मिस्त्री. आणि 'चार महिने उभीच आहे' म्हणून विमा संपू देणारे आपल्यात थोडे नाहीत! नेमके त्याच चार महिन्यांत पाणी येते.

आपल्याकडेही कृष्णा-पंचगंगेकाठच्या सभासदांना 2019 चा पूर आठवत असेल. तेव्हा जागा आधी; म्हाताऱ्या माणसांना विचारून पुराची खूण बघा आणि तिच्या वर जा. दरडीच्या पायथ्याशी किंवा वाळक्या झाडाखालीही नको.

जागा ठरली की धुणे. ट्रॉलीत उसाचा रस, पाचट, खताची पोती, सगळ्याचा अंश राहतो, आणि खताइतका पत्रा कोणी खात नाही. धुऊन उन्हात खडखडीत वाळवा, पोपडे खरवडून रंग मारा. इंजिन गरम असताना जुने तेल सोडून नवे भरा; जळलेल्या तेलात आम्ल आणि ओल असते, ती चार महिने आत बेअरिंगला लागून राहते. डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे पाणी होऊन तळाला बसते आणि त्या पाण्याच्या थरावर डिझेलमध्ये बुरशीसुद्धा धरते. (टाकीला कुलूप लावा, हे सांगायला नको.)

पेट्रोलची गोष्ट आपल्या जवळची. 2025 पर्यंत पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत देश पोचला, त्यात आपल्याच मळीचा वाटा आहे. पण इथेनॉल हवेतली ओल ओढते. पाणी फार झाले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. म्हणून उभ्या मोटारसायकलचे झाकण घट्ट हवे, आणि कार्बोरेटर असेल तर त्यातले पेट्रोल सोडून द्यावे.

बॅटरी काढताना आधी ऋण तार, लावताना ती शेवटी. घरात कोरड्या जागी ठेवून महिन्याने चार्ज करा, पाणी घालायचे ते डिस्टिल्डच. हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. चाकाला उटी लावा. ट्रॅक्टरचे क्लच पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडवा. हायड्रॉलिकचा दांडा आत घ्या, उघडा राहील तेवढ्याला ग्रीस. जमले तर एक्सल ठोकळ्यावर घ्या, म्हणजे टायरवर भार नको.

ताडपत्री अंगाला घट्ट लपेटणे ही सर्रास होणारी चूक. आतली वाफ आतच राहते, आणि वरून कोरडी दिसणारी गाडी खालून गंजते. मामा बांबूचा मांडव करून त्यावर ताडपत्री टाकतात, बाजू मोकळ्या. दुसरी चूक 'आठवड्याला पाच मिनिटं चालू करतो' ही. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, उलट जळणातून झालेले पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये उतरते. चालवायची तर अर्धा तास कामाला लावा, नाहीतर हात लावू नका.

राहिले उंदीर. एअर क्लीनरच्या तोंडाला जाळी किंवा फडके, उभ्या सायलेन्सरवर पालथा डबा. मामा स्टिअरिंगला एक लाल चिंधी बांधतात. दसऱ्याला ती सोडली की पहिल्यांदा डबा आणि फडके काढायचे, मग तेल-पाणी बघायचे, आणि चावी त्यानंतर.