शनिवारवाड्यातील नारायणरावांच्या हाकेची आख्यायिका

शनिवारवाड्यातील नारायणरावांची हाक ही पुणे शहरातील एक प्रचलित आख्यायिका आहे. पौर्णिमेच्या (काही कथनांनुसार अमावास्येच्या) रात्री शनिवारवाड्याच्या ओसाड आवारातून "काका, मला वाचवा" असा आर्त आवाज ऐकू येतो, असे ती सांगते. महाराष्ट्रातील बहुतेक 'झपाटलेल्या' वास्तूंच्या कथांना नाव-गाव नसते. या कथेमागे मात्र ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेली, इतिहासात नोंदलेली हत्या आहे.

== वास्तू ==
पहिले बाजीराव पेशवे यांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, वाड्याची पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी, पुन्हा शनिवारीच, वास्तुशांत झाली. सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आणल्याचे सांगतात. तटबंदी दगड-विटांची असली तरी आतील महाल मुख्यतः लाकडी होते. पुढे वाड्याचे जे झाले, त्याचे कारण या बांधणीत आहे.

== नारायणरावांची हत्या ==
थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निधन पावले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव वयाच्या अठराव्या वर्षी पेशवे झाले. चुलते रघुनाथराव (राघोबादादा) यांना पेशवेपदाची आकांक्षा होती. ते त्या वेळी वाड्यातच नजरकैदेत होते. वाड्याच्या बंदोबस्ताला असलेल्या गारद्यांचा पगार थकला होता, आणि या असंतोषाचा उपयोग करून घेण्यात आला.

भाद्रपद शुद्ध पक्षात, गणेशोत्सवाच्या दिवसांत, भर दुपारी सुमेरसिंग गारदी व त्याचे साथीदार थकबाकी मागण्याच्या निमित्ताने आत घुसले. नारायणराव धावत चुलत्यांच्या दालनात गेले व त्यांना मिठी मारून जीवदानाची याचना करू लागले. रघुनाथरावांचा सेवक तुळाजी पवार याने त्यांना ओढून काढले, असे वृत्तांत सांगतात. त्यांना वाचवू पाहणारा सेवक चाफाजी टिळेकरही मारला गेला.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे सांगितले आणि पुणे सोडले. मूळ आज्ञेतील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' केले गेले, ही हकिकत ग्रँट डफ यांनी १८२६ मधील मराठ्यांच्या इतिहासात नोंदवली आणि हा बदल आनंदीबाईंनी केल्याचा समज असल्याचे लिहिले. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला. या वाक्प्रचारामुळे सारा दोष आनंदीबाईंकडे जातो आणि शास्त्रीबोवांनी ज्यांना दोषी ठरवले ते रघुनाथराव लोकस्मृतीत काहीसे बाजूला पडतात, हे लक्षात घ्यायला हवे.

नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई त्या वेळी गर्भवती होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला व बारभाईंनी त्यांना पेशवेपदी बसवले. रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांशी १७७५ मध्ये सुरतेचा तह केला आणि त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध उद्भवले.

== आख्यायिकेची घडण ==
भूतकथा वाडा ओसाड पडण्याआधीच्या काळाशी जोडली जाते. रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव यांना नारायणरावांचा पिशाच्च त्रास देत असे आणि त्याच्या शांतीसाठी त्यांनी पुण्याच्या परिसरात आंब्याची असंख्य झाडे लावली, अशी कथा आहे. पित्याच्या पातकाचे भय पुत्राला वाटावे, हा या कथेचा गाभा आहे. तिच्यात हाक नव्हे, तर ब्रह्महत्येचा दोष महत्त्वाचा आहे.

लोकसमजुतीत अकाली मेलेला, मुंज झालेला पण अविवाहित ब्राह्मण मुलगा 'मुंजा' होतो. नारायणराव विवाहित असल्याने या वर्गात बसत नाहीत, तरी आजच्या कथनांत त्यांना अनेकदा लहान मूल म्हणूनच रंगवले जाते. मृत्यूसमयी ते अठरा वर्षांचे होते. हत्या दुपारची, तर हाक रात्रीची, ही विसंगतीही कथेला बाधत नाही. तिथी मात्र शुद्ध पक्षातील, पौर्णिमेला जेमतेम दोन दिवस उरलेली होती; त्यामुळे अमावास्येचा पाठ घटनेशी जुळत नाही.

याच वाड्यात ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वरून खाली पडले व त्यातच त्यांचा अंत झाला. पिता आणि पुत्र दोघांचाही मृत्यू एकाच वास्तूत घडल्याने तिच्याभोवतीचे अशुभाचे वलय गडद झाले असावे. पुढे कृ. प्र. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' (१९०९) हे नाटक आणि प्रभातचा 'रामशास्त्री' (१९४४) हा चित्रपट यांनी ही घटना घरोघरी पोहोचवली.

== ओसाड वाडा ==
१७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. १८२८ मध्ये लागलेली आग सात दिवस धुमसत राहिली आणि आतील लाकडी महाल भस्मसात झाले. तटबंदी, बुरूज, दरवाजे, नगारखाना व जोती तेवढी उरली. हत्या जेथे घडली ते दालन आज उभे नाही. हाक जिथून येते असे सांगतात, तिथे उघडे आकाश आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही वास्तू संरक्षित स्मारक म्हणून घोषित झाली व उत्खननाने जोती आणि कारंजी मोकळी करण्यात आली. पाच दरवाजांपैकी जांभूळ दरवाजाला 'नारायण दरवाजा' हेही नाव आहे. नारायणरावांचा देह येथून बाहेर नेल्यामुळे ते पडले, असे मानतात. रात्री आवारात प्रवेश बंद असतो. त्यामुळे हाक ऐकल्याचे सांगणारे बहुधा तटाबाहेरून, शिवाजी रस्त्याच्या बाजूने, ती ऐकल्याचे सांगतात.