एका पट्टीची दोन नावे

सिंगापुरात वाढणारी आपली मुले व्हायोलिन-पियानो शिकतात ती पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलेखनावर. घरातली आजी पेटीवर 'काळी एक' धरून गाते. गणेशोत्सवात दोघांनी एकत्र वाजवायचे, तर चाल कुणीतरी कागदावर उतरवायला हवी. मी त्यासाठी 'लिलीपाँड' हा विनामूल्य प्रोग्राम वापरतो. दोन डच संगीतप्रेमींनी तो १९९६ मध्ये सुरू केला. स्वर अक्षरांत टाइप करायचे, छापील पान तो जुळवतो.

मात्र दोघांनी लिहिलेले आवाज एकाच रेघांवर मांडले, की कधी कधी पडद्यावर सूचना उमटते: 'कॉन्फ्लिक्ट विथ इव्हेंट', 'डिस्कार्डिंग इव्हेंट'. म्हणजे एकाच क्षणी दोन परस्परविरोधी आज्ञा मिळाल्या. पहिली ठेवली, दुसरी टाकली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसेच हे. दोन्ही आज्ञा तंतोतंत सारख्या असतील, तर तक्रार नसते.

आपल्या गाण्यांत हा पेच 'काळी एक'मुळे सहज येतो. पेटीवर ती एकच पट्टी. पाश्चात्त्य लेखनात तिची नावे दोन: सी शार्प आणि डी फ्लॅट. पहिल्या मेजर सप्तकाला सात शार्प लागतात, दुसऱ्याला पाच फ्लॅट. समजा, पहिल्या आवाजात डी फ्लॅट लिहिले आहे आणि दुसऱ्यात सी शार्प. प्रोग्राम डी फ्लॅट ठेवतो. मग दुसऱ्या आवाजातल्या भूपाच्या सा, रे, ग, प, ध या पाचही स्वरांपुढे शार्पची चिन्हे दाटतात. कान चुकत नाही, पण दहा वर्षांचे मूल वाचताना अडखळते. पंडित भातखंडे यांच्या पद्धतीत हा प्रश्नच नाही. तिथे पट्टी कोणतीही असो, सा तो सा!

सूचनेसोबत फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक येतो. तिथे जाऊन दोन्ही आवाज एकाच नावाने लिहावेत. त्याहून बरे म्हणजे पट्टी आणि ताल एका सामाईक तुकड्यात एकदाच लिहून तोच दोन्हीकडे जोडावा. आवाज वेगवेगळ्या रेघांवर असतील, तर प्रत्येकाची पट्टी स्वतंत्र धरली जाते आणि सूचना येतच नाही. तेव्हा तपासणी आपणच करायची. सूचना आली तरी पान छापले जातेच. म्हणून मुलांच्या हाती देण्यापूर्वी ती वाचलेली बरी.