मोऱ्याहून मोऱ्याला

उरणमध्ये रिक्षावाल्याला नुसतं 'मोरा' म्हणा, तो गुपचूप धक्क्यावर नेऊन सोडतो. होडीवाला मात्र आधी विचारतो, 'कुठला मोरा?' त्याचं बरोबर आहे. मोरे दोन आहेत. एक उरणचा, भाऊच्या धक्क्यावरून लाँच येते तो. दुसरा समोरच्या घारापुरी बेटावर, मोराबंदर नावाची वाडी. आपल्याला जायचंय दुसऱ्याला.

तीन बंदरं, एक गर्दी

घारापुरीवर तीन वाड्या: शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. त्यातल्या शेतबंदरालाच सगळे उतरतात. छोट्या आगगाडीत बसतात, शे-सव्वाशे पायऱ्या चढतात, त्रिमूर्तीसमोर फोटो काढतात, कणीस खातात आणि परतीची लाँच गाठतात. मोराबंदर बेटाच्या दुसऱ्या अंगाला. तिकडे दाट झाडी, आंबा, चिंच, करंज, मधेच उंच ताड. वाट सोपी आहे. चप्पल चालते, पण मी बूट घालते, कारण पावसाळ्यानंतर पालापाचोळ्याखाली दगड निसरडे असतात. दहा मिनिटांत स्टॉलवाल्यांचा आवाज मागे पडतो आणि फक्त पानं वाजतात.

सूचना: बाटलीचं झाकण घट्ट असून उपयोग नाही

इथली माकडं बाटली हिसकावतात हे सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. माझी बाटली घेऊन एक माकड कठड्यावर बसलं, दोन्ही हातांनी झाकण फिरवलं, ते बाजूला ठेवलं (फेकलं नाही, ठेवलं!) आणि प्यायलं. पाणी कोमट निघालं म्हणून असेल, अर्धी बाटली माझ्या दिशेने ओतली.

हत्ती कुठे गेला?

पोर्तुगीजांना किनाऱ्याजवळ दगडी हत्ती दिसला आणि त्यांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. 1814 मध्ये हत्तीची मान आणि डोकं निखळलं. 1864 मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना त्याचे तुकडे झाले. तुकडे जोडून उभा केलेला हत्ती आज भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. म्हणजे हत्तीचं बेट घारापुरी, आणि हत्ती भायखळ्याचा रहिवासी.

लेणी सहाव्या शतकातली मानतात, 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पण मोराबंदरच्या बाजूची गोष्ट त्याआधी सुरू होते. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, म्हणजे शंकराच्या आधी इथे बुद्ध होता. बेटाच्या किनाऱ्यावर अ‍ॅम्फोरांची खापरंही सापडली आहेत. अ‍ॅम्फोरा म्हणजे भूमध्य समुद्राकडून दारू किंवा तेल भरून येणारे दोन कानांचे उंच रांजण. (दारूचं नाव निघालंच आहे तर, एकोणिसाव्या शतकात पलीकडचं उरण मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी गाजलेलं होतं. खाडीच्या दोन्ही तीरांनी परंपरा सांभाळली म्हणायची.)

समुद्र आहे, वाळू नाही

झाडी संपते तिथे एक लहानसं वळण लागतं आणि पाणी दिसतं. अलिबागची पुळण मनात धरून आलेल्यांचा हिरमोड होतो. इथे खाजण आहे: तिवरं, चिखल आणि चिखलात जगणारं सगळं. ओहोटीला नीट पाहिलं तर चिखल उड्या मारताना दिसतो. ते निवटे. मासा असून ते पंखांवर रेलून चिखलात चालतात, ओल्या कातडीतूनही श्वास घेतात, आणि दोन निवटे समोरासमोर आले की पाठीचा पर उभारून भांडतात. आगरी-कोळ्यांच्या घरी निवट्यांचं कालवण हा वेगळाच मान आहे. मी खाल्लंय, भांडखोर असल्याची चव लागत नाही.

पलीकडे न्हावा-शेवाच्या क्रेन दिसतात, उत्तरेला अटल सेतूची रेघ. 12 जानेवारी 2024 ला या 21.8 किलोमीटरच्या पुलाचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी उरणच्या लोकलचंही. पण इथे उभं राहून मला तिसराच आकडा आठवतो. समोरचं बंदर सुरू झालं 1989 मध्ये आणि तेव्हापासून ते रात्रभर लखलखतंय. घारापुरीला कायमची वीज आली फेब्रुवारी 2018 मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकल्यावर. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर. एकोणतीस वर्षं लोकांनी अंधारातून दुसऱ्याची रोषणाई पाहिली.

घड्याळ घरी ठेवा, कालनिर्णय आणा

उरणच्या मोऱ्याचा धक्का गाळाने भरतो. मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागतच नाही. कोळ्यांचा हिशेब त्यावर फार सोपा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून हे गणित चालतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फारसं हलत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, त्या दिवशी पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप.

हे मला कळलं ते परतताना. सूर्य मुंबईकडे टेकत होता, लाँच धक्क्यापासून दूर चिखलात बसली होती, इंजिन बंद. शेजारी एक कोळीण रिकामी पाटी उपडी करून तिच्यावर बसलेली. मी तिसऱ्यांदा मोबाइलमध्ये वेळ पाहिली तेव्हा तिने विचारलं, 'बाय, आज तीथ कंची?'

पौर्णिमा होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यात सव्वासहा मिळवा. मोबाइलमध्ये साडेपाच वाजले होते.

तिने पाटीखालचा रुमाल काढला, त्यात बांधलेले चणे माझ्यापुढे धरले आणि पाय पसरून बसली.