छातीत जळजळ : किती आम्ल ‘नॉर्मल’?

तलासरीहून उंबरगावच्या कारखान्यांत रात्रपाळीला जाणारे आपले कितीतरी बांधव जळजळ झाली की दुकानातून ॲसिडिटीची गोळी घेतात. पण आम्ल किती वर आले म्हणजे आजार, हे कसे ठरवतात ते आम्ही सांगतो.

निरोगी माणसाच्याही अन्ननलिकेत पोटातले आम्ल, विशेषतः जेवणानंतर, थोडे वर येतेच. ‘नॉर्मल’ म्हणजे शून्य नव्हे. १९७४ साली अमेरिकेतील डॉ. जॉन्सन आणि डॉ. डीमीस्टर यांनी १५ निरोगी माणसांचे आम्ल २४ तास मोजून मर्यादा ठरवली. पुढे जगभर अशी मोजणी झाली.

या तपासणीत नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत सोडतात. नेहमीसारखे जेवायचे, काम करायचे, झोपायचे आणि जळजळ झाली की नोंद करायची. आम्लाचे माप म्हणजे पीएच. आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र. पीएच ४ च्या खाली राहण्याचा वेळ २४ तासांत ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे साधारण ५८ मिनिटांच्या आत असेल, तर नॉर्मल. ६ टक्क्यांहून जास्त, म्हणजे ८६ मिनिटांवर गेला, तर आजार. मधला आकडा आला तर डॉक्टर इतर तपासण्याही पाहतात.

ही तपासणी सगळ्यांना लागत नाही. मात्र घास अडकणे, वजन घटणे, काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दाबल्यासारखे होऊन घाम सुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर ॲसिडिटी समजून घरी बसू नका. लगेच रुग्णालयात जाऊन ईसीजी काढून घ्या.