क्लच प्लेट बदलण्याआधी वायर बघा

मानवत ही कापसाची बाजारपेठ. पाऊस लांबला की वेचणीच्या दिवसांत काळ्या मातीच्या चिखलातून, मागे ओझं बांधून मोटारसायकल काढावी लागते. सगळा प्रवास हाफ क्लचवर होतो आणि प्लेटा तिथेच झिजतात.

रेस दिली की इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही, म्हणजे क्लच स्लिप होतोय. लिव्हर पूर्ण दाबूनही पहिला गिअर टाकताना झटका बसतो, न्यूट्रल सापडत नाही, म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. दोन्ही तक्रारींत आधी क्लच वायरची ढील तपासा. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल लागते. ती कमी असेल तर क्लच घसरतो, जास्त असेल तर सुटत नाही. लॉकनट सैल करून ॲडजस्टर फिरवला की काम होतं. पैसा लागत नाही. वायरची एखादी तार जरी उसवलेली दिसली तरी अख्खी वायर बदला.

मग ऑइल. या प्लेटा इंजिन ऑइलमध्येच फिरतात. चारचाकीचं उरलेलं ऑइल कृपा करून ओतू नका. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी प्लेटा घसरू शकतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ लिहिलेलं हवं.

एवढं करूनही स्लिप होत असेल तरच ऑइल काढून कव्हर खोला. निळसर पडलेली स्टीलची प्लेट तापून गेलेली असते. नव्या प्लेटा बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवा, स्प्रिंगा पूर्ण सेटने बदला आणि पॅकिंग नवंच लावा.